उलट्या पावलांचं गाणं

घरातलं म्हातारं माणूस गुणगुणायला लागलं की आपण काय करतो? बहुतेक जण टीव्हीचा आवाज वाढवतात. काही जण दार लोटून घेतात. फारच सभ्य घर असेल तर कुणीतरी म्हणतं, "आई, जरा हळू, पोरीचा अभ्यास चाललाय." आपण काही वाईट करतोय असं यात कुणालाच वाटत नाही. ज्याची ही गोष्ट आहे त्यालाही वाटलं नव्हतं, म्हणून तर ती सांगायची.

हा माणूस पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होता. नेमस्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचं घर. घरात बायको, सातवीतली मुलगी आणि आई.

आईने एकतीस वर्षं दोरखंडाच्या कारखान्यात काढली होती. नवरा लवकर गेला, पदरात हे एक मूल, आणि घराजवळ काम मिळालं ते हे. कारखाना म्हणजे एक लांबच लांब शेड. एका टोकाला मोठं चाक, चाकाला आकडे. बाईने कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, पुंजका बांधायचा, त्यातले चार तंतू आकड्याला अडकवायचे, आणि चाक फिरू लागलं की बोटांमधून वाख सोडत सोडत उलटं चालत जायचं. डोळे सुतावर आणि पाठ शेडच्या दुसऱ्या टोकाकडे. सगळ्या बायकांचा वेग सारखा हवा, नाहीतर एकीचं सूत जाड होतं, दुसरीचं बारीक, आणि असल्या सुतांचा दोर भार पडला की तुटतो. वेग सारखा राहावा म्हणून गाणं. आघाडीची बाई कडवं म्हणायची, बाकीच्या तिच्यामागे झील धरायच्या. हेडक्लार्कची आई आघाडीची होती. सबंध शेडचे पाय तिच्या गळ्यावर चालायचे.

मुलाला मात्र या सगळ्याची लाज होती, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. भुतांचे पाय उलटे असतात म्हणतात आणि या बायका तर दिवसभर उलट्या चालायच्या. त्यामुळे शाळेतल्या पोरांनी त्याला चौथीत "हडळीचा मुलगा" हे नाव ठेवलं. शाळा सुटली तरी ते नाव सुटलं नाही. दहा वर्षांचा असताना त्याने आईला सांगितलं, शाळेच्या फाटकापर्यंत येऊ नकोस. आईने कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबू लागली.

पुढे तो शिकला, चिकटला, हेडक्लार्क झाला. कारखाना बंद पडला आणि आई घरी बसली. बसली म्हणजे काय, धुणं, भांडी, फरशी सगळं तिच्याच हातात राहिलं, कारण रिकामं बसणं तिला जमत नव्हतं. कामाला हात लागला की गळा आपोआप सुरू व्हायचा. सुनेला त्याचं काही नव्हतं. नातीला तर ते आवडायचं. ती मोरीच्या दारात उभी राहून ऐकायची आणि बापाने हाक मारली की पुस्तकाकडे परतायची.

एका रविवारी हेडक्लार्कचे साहेब चहाला आले. घर दोन दिवस घासूनपुसून तयार होतं. साहेब बसले, पंख्याखालची खुर्ची त्यांना दिली, बोलणं सुरू झालं. आत मोरीत आई चादरी धूत होती आणि गात होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, साहेब आलेत म्हणून. साहेबांनी कान दिला आणि म्हणाले, "गळा चांगला आहे. कामाला बाई ठेवलीय वाटतं?"

हेडक्लार्कने मान हलवली. तोंडाने तो हो म्हणाला नाही. नुसती मान हलवली आणि बढतीच्या यादीचा विषय काढला.

मोरीचं दार उघडंच होतं. आतलं गाणं कडव्याच्या मध्यावर थांबलं. चहा सुनेने आणून दिला. साहेब जाईपर्यंत आई बाहेर आली नाही.

साहेब गेल्यावर त्याने आईची क्षमा मागायला हवी होती. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते काय खोटं आहे? तो मोरीच्या दारात गेला आणि आईलाच म्हणाला, "कुणी आलं असताना तरी ते बंद ठेवत जा ना. शोभतं का आता आपल्याला?"

आई चादर पिळत होती. तिने पीळ पूर्ण केला, चादर बादलीत टाकली आणि म्हणाली, "नाही शोभत. नाही म्हणणार आता."

आणि खरोखर नाही म्हटलं. कामं तशीच चालली, गळा तेवढा बंद झाला. नातीने दोन-तीनदा लाडीगोडी लावून पाहिली, आजी, ते सुताचं गाणं शिकव ना म्हणून. आजी म्हणायची, आठवत नाही गं आता. पोरगी थोडे दिवस हिरमुसली, मग विसरली. हेडक्लार्कला घर शांत झाल्याचं बरं वाटलं. आपण काहीतरी मारलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. एके दिवशी सकाळी आईच्या हातून कपबशी पडली. ती उचलायला म्हणून वाकली ती वर उठलीच नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ झाली आहे. जीव वाचला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. जीभ होती, आवाज होता, समोरच्याचं सगळं समजतही होतं, पण शब्द सापडत नव्हते. पाणी हवं असलं तरी ती "ता" म्हणायची आणि खिडकी उघडायची असली तरी "ता" म्हणायची. चूक होतेय हे तिला कळायचं. मग ती डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारायची. तो हात धरून ठेवायचं काम नातीकडे आलं.

आठवड्याने स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. पन्नाशीच्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी तासभर आईला तपासलं आणि मग तिघांना पलंगाभोवती बसवून घेतलं.

"बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच खोलीत राहत नाहीत असं समजा," त्या म्हणाल्या. "बोलण्याची खोली पडली तरी कधी कधी गाण्याची शाबूत राहते. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, पण गाणं जुनं असेल, अगदी हाडात मुरलेलं असेल, तर त्याच्या आधाराने शब्द बाहेर येताना मी पाहिलेत. गायच्या का या?"

सून म्हणाली, खूप गायच्या.

"मग झालं तर. यांचंच एखादं गाणं म्हणा. पहिली ओळ पुरे."

हेडक्लार्क आठवू लागला. शहरातल्या कुठल्या गल्लीत किती इंची नळ आहे ते त्याला तोंडपाठ होतं. लहानपणी रेडिओवर लागणारी साबणाची जाहिरात त्याला चालीसकट येत होती. पण आईच्या गाण्याची एक ओळ काही येईना. "सोड" असा एक शब्द होता त्यात, एवढंच. सून म्हणाली, चाल थोडी लक्षात आहे, शब्द नाहीत. शेवटी मुलीने धीर करून शाळेच्या कार्यक्रमात बसवलेलं एक सिनेमाचं गाणं सुरू केलं. आजीने दोन ओळी ऐकल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

थेरपिस्ट बाई हेडक्लार्कला बाहेर घेऊन गेल्या.

"रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण स्पष्ट सांगते. यांचं औषध तुमच्याच घरात होतं, आणि तुम्ही ते ओतून दिलंत."

तो म्हणाला, त्याकडे कधी लक्षच दिलं नाही. गाण्यात काय एवढं, असं वाटायचं.

"सगळे हेच म्हणतात. वडील सुंदर म्हणायचे, आत्या सुंदर म्हणायची. काय म्हणायचे विचारलं की माना खाली. अहो, जमिनीचा कागद आपण जपून ठेवतो, गाण्याचा कागद म्हणजे आपलं तोंड. ते कुणी उघडायचं?" मग त्यांचा स्वर जरा खाली आला. "हे गाणं यांच्याबरोबर म्हणणारं दुसरं कुणी जिवंत आहे का? एक माणूस मिळालं तरी चालेल. शोधा."

दुसऱ्याच दिवशी तो कारखान्यावर गेला. तीस वर्षांत तो त्या रस्त्याने गेला नव्हता. शेड उभी होती, पण आत प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम झालं होतं. छतापर्यंत लाल-निळ्या खुर्च्या, एकीत एक घातलेल्या. पहारेकऱ्याने डोकं खाजवून सांगितलं, त्या कामावरच्या बायका गेल्या बहुतेक, कुणी मुलांकडे, कुणी देवाकडे. मागच्या गल्लीत एक आहे, भाचीकडे राहते. ठेंगणी म्हणतात तिला.

ठेंगणी पायरीवर बसून लसूण सोलत होती. खरोखरच ठेंगणी, पायरीवर बसली तरी पाय जमिनीला टेकत नव्हते. एका डोळ्यात मोतीबिंदू. हेडक्लार्कने स्वतःची ओळख सांगितली, आईचं आजारपण सांगितलं, गाण्याचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तू का आलास?" ती म्हणाली. "सुनेला पाठवायचंस. तुला तर आमच्या पावलांची लाज."

"मावशी, तेव्हा लहान होतो."

"तेव्हाचं नाही म्हणत मी. शाळेच्या फाटकाचं तुझ्या आईने हसून सांगितलं होतं, आम्हीही हसलो. पोर आहे, कळेल, म्हटलं. मी दोन वर्षांपूर्वीचं बोलतेय. ती इथे येऊन बसली होती, याच पायरीवर. म्हणाली, माझ्या घरात मी कामवाली झाले गं. रडली असती तर मी समजूत तरी काढली असती."

हेडक्लार्कला वाटत होतं, मान हलवलेली कुणी पाहिली नव्हती. आईने मोरीतून ऐकलं एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि ऐकून तिने गिळून टाकलं असेल असं त्याने धरलं होतं. तो पायरीच्या खाली उभा होता. त्याने चपला काढल्या आणि खाली जमिनीवर बसला.

ठेंगणीने उरलेल्या पाकळ्या सोलून संपवल्या. मग हात पुसत म्हणाली, "येते. तुझ्यासाठी नाही येत."

भाची कामावर गेली की सकाळचे दोन-तीन तास ठेंगणी मोकळी असायची. तिला रिक्षाने आणायचं आणि सोडायचं. म्हणजे हेडक्लार्कला रोज अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. तो साहेबांकडे गेला. कारण काय लिहायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की आईची वाचा गेली आहे, जुनं गाणं म्हटलं तर परत येईल असं म्हणतात, आणि साहेब, तुम्ही चहाला आला होतात तेव्हा आत जी गात होती ती माझी आई होती, कामवाली नव्हती, मी तेव्हा मान हलवली ती खोटी.

साहेबांनी रजेचा अर्ज पुढे ओढला.

"कोण गात होतं?" ते म्हणाले. "मला नाही बुवा आठवत. मी आलो होतो का तुमच्याकडे?" आणि त्यांनी रजेवर सही केली.

मंडळी, ज्यांच्यासाठी आपण आपल्या माणसांना गप्प बसवतो ती माणसं अशी असतात. त्यांना आठवतसुद्धा नाही.

एव्हाना आईला घरी आणलं होतं. ठेंगणी खोलीत आली, पलंगाजवळ उभी राहिली. आईने "ता" म्हटलं. ठेंगणी म्हणाली, "कळलं." मग ती पलंगाच्या काठावर चढून बसली, आईचा चांगला हात मांडीवर घेतला आणि झील धरली.

"सोड गं सूत, सोड गं सोड, तुटू देऊ नको."

आवाज फाटका होता. एकदा म्हणून झालं, दोनदा झालं. आईचे डोळे मिटलेले. तिसऱ्या वेळेला ठेंगणीच्या मांडीवरची बोटं हलू लागली. अंगठा आणि दोन बोटं, वाख सोडल्यासारखी. मग आईने तोंड उघडलं. "ता" येणार म्हणून सगळे बघत होते.

"मागं मागं जाते बाई, वाट दिसेना पाठीला, डोळे माझे दोराला, पाय माझे मातीला."

सगळे शब्द आले, स्वच्छ आणि ओळीने. सुनेने तोंडाला पदर लावला. हेडक्लार्क भिंतीला टेकला. ठेंगणी मात्र क्षणभरही थांबली नाही, तिने लगेच पुढची झील उचलली आणि आईने दुसरं कडवं म्हटलं. तिसऱ्याला गाडी अडली आणि आई थकून झोपली.

"सुंभ जळला, पीळ राहिलाय बघ," ठेंगणी पलंगावरून उतरताना म्हणाली. "आमच्याच धंद्यातली म्हण."

मग रोज सकाळी हेच चाललं. एक गोष्ट पहिल्या दोन दिवसांतच कळली, गाणं मधून सुरू करता येत नव्हतं. कालच्या जागेपासून पुढे म्हणायला गेलं की पुन्हा "ता". दर वेळी पहिल्या कडव्यापासून निघावं लागायचं, आणि पायाखालची वाट ओळखीची झाली की आई थोडी आणखी पुढे जायची. चौथ्या दिवशी चार कडवी झाली. आठव्या दिवशी सात. मुलगी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होती आणि वहीत लिहूनही घेत होती. थेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी त्याच चालीवर "पाणी दे" बसवलं, आणि एके दुपारी आईने खरोखरच ते चालीत मागितलं. सून पाणी आणायला पळाली ती तांब्या विसरून परत आली.

गाणं होऊन आई झोपली की ठेंगणी बाहेरच्या खोलीत बसून चहा प्यायची आणि तिघांना सांगायची. गाणं कुणी एकीने रचलेलं नाही. आघाडीची बाई काम सोडून जायची तेव्हा आपलं एक कडवं शेवटी जोडून जायची. अशी सतरा कडवी. शेड तेवढीच, एका फेरीत सबंध गाणं म्हणायचं, आणि गाणं मात्र वाढत चाललेलं, त्यामुळे बायका पिढ्यान्‌पिढ्या हळू चालत गेल्या, अशी मुकादमाची कायमची तक्रार. पाचवं कडवं जिचं होतं तिची बोटं वाखाने कायम सोललेली असत. ते कडवं मुलीच्या वहीत असं उतरलं होतं: "बोटं माझी सोलली, तरी दोर नाही माझा, कुण्या गावी कुणी बांधला, कुणी ओढला बोजा." त्या बायकांचे फोटो नाहीत, कारखान्याच्या कुठल्या भिंतीवर त्यांची पाटी नाही. जे काही आहे ते या दोन दोन ओळी.

"आणि सतरावं?" मुलीने विचारलं.

"ते तुझ्या आजीचं," ठेंगणी म्हणाली.

त्या दिवसापासून हेडक्लार्कला दुसरं काही सुचेना. ऑफिसात फायली पुढ्यात उघड्या असायच्या आणि तो मनात कडवी मोजायचा. आई सतराव्यापर्यंत पोचेल, असं तो बायकोला रोज सांगायचा. बायको म्हणायची, घाई करू नका हो त्यांना.

एकदा ठेंगणी यायच्या आधी तो आईच्या उशाशी बसला. आजवर जे म्हटलं नव्हतं ते म्हणाला. माझं चुकलं, त्या दिवशी मी मान हलवायला नको होती. मग न राहवून त्याने विचारलं, "आई, राग आहे का अजून?"

आईने मान त्याच्याकडे वळवली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग चाल न लावता, गाण्याचा आधार न घेता, आजारपणात पहिल्यांदाच एक शब्द सरळ बाहेर आला.

"आहे."

त्याने मान खाली घातली. आईने चांगला हात उचलून त्याच्या मनगटावर ठेवला आणि बोटं हलवली, अंगठा आणि दोन बोटं. गाणं सुरू कर, असं ती सांगत होती. ठेंगणी अजून यायची होती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आईमागे झील धरली, चुकत, बेसूर. आईने पहिलं कडवं म्हटलं.

सोळाव्या दिवशी अकरावं कडवं आलं. "सात लेकी वाढवल्या मी कमरेच्या वाखावर, एकीचंही नाव नाही दोराच्या टोकावर." ठेंगणी मुलीला म्हणाली, ही सगळ्यात कडक बाई होती, तुझ्या आजीच्या आजीच्या वयाची असेल. पुढच्या दिवशी बाराव्याचा पहिला शब्द आला, "वारा". त्याच्या पुढे काही येईना. त्याच्या पुढच्या दिवशीही "वारा" इथेच थांबलं. ठेंगणीने झील पुन्हा पुन्हा धरली, आईचं कपाळ घामेजलं, आणि थेरपिस्ट बाईंनी खूण केली की आज पुरे.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी हेडक्लार्क ठेंगणीला घेऊन रिक्षातून उतरला तेव्हा सून जिन्यात उभी होती. आई गेली होती. मेंदूतल्या दुसऱ्या गाठीने तिला अर्धा तासही दिला नव्हता.

महिन्याभराने हेडक्लार्क ठेंगणीच्या पायरीवर गेला. वही बरोबर होती. तिच्या समोर बसून त्याने अकरा कडवी वाचून दाखवली, ती कुठे चुकलं ते सांगत गेली. मग त्याने उरलेल्या सहांचं विचारलं. तिला काही आठवेना. एखाद्यातला नुसता सूर, एखाद्यातलं एक नाव.

"आईचं तरी?"

"तुझ्यावर होतं," ती म्हणाली. "एवढं पक्कं. कारखाना बंद व्हायच्या शेवटच्या महिन्यात तिने ते जोडलं. ते आलं की आम्ही सगळ्या हसायचो आणि तुझी आई लाजायची. पोराचं फार कौतुक होतं तिला. त्या कौतुकाचं होतं काहीतरी."

"शब्द आठवा ना, मावशी. एखादा तरी."

"नाही रे. सगळं आयुष्य झील धरली मी. शब्द धरायचं काम तिचं. आम्हाला वाटायचं, ती आहे ना."

आईने त्याच्यावर काय रचलं होतं ते आता कुणालाही कळणार नव्हतं. राग आहे हे ती सांगून गेली. कौतुक काय होतं ते सांगायला तिला सहा कडवी कमी पडली. हेडक्लार्क त्या दिवशी घरी चालत गेला, आणि वाटेत एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, लहान मुलासारखा रडला. कोण बघतंय याची त्याला त्या दिवशी पर्वा वाटली नाही.

आता दर रविवारी सकाळी वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत सात-आठ माणसं जमतात. हेडक्लार्क, त्याची बायको, मुलगी, इमारतीतल्या दोन बायका, मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणी. थेरपिस्ट बाई कधीमधी येतात. सुरुवातीला रस्त्यावरून जाणारे हसायचे, अजूनही हसतात. ठेंगणी खुर्चीवर बसते. ही सगळी माणसं ओळीने उभी राहतात आणि उलटी चालत गाणं म्हणतात. आघाडी मुलीकडे आहे. हेडक्लार्क झील धरतो, पण ठेंगणीच्या हुकमाने प्रत्येकाला प्रत्येक कडवं पाठ करावं लागतं. कुणी एक आजारी पडला तरी गाणं अडायला नको, असं ती म्हणते.

मुलीला उरलेली सहा कडवी स्वतः रचून भरायची होती. ठेंगणीने साफ नकार दिला. "तू आघाडी सोडशील तेव्हा तुझं अठरावं जोड," ती म्हणाली. "त्या सहाजणींच्या जागी कुणी बसायचं नाही."

त्यामुळे अकरावं कडवं संपलं की मुलगी "वारा" म्हणते आणि थांबते. मग सगळे तसेच, तोंडातून अक्षर न काढता, सहा कडव्यांइतकं अंतर उलटे चालत जातात. तेवढा वेळ नुसती पावलं ऐकू येतात. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, ही मंडळी विसरली. मग कुणीतरी त्याला सांगतं की इथे गाणं होतं.

वाचकहो, तुमच्या घरातही एखादं माणूस असेल, भांडी घासताना, बाळाला जोजवताना, नाहीतर नुसतं खिडकीशी बसून काहीतरी म्हणणारं. त्याला गप्प करू नका, एवढं सांगून भागणार नाही. नुसतं कौतुकाने ऐकलं तरी भागणार नाही, कारण ठेंगणीने ते गाणं तीस वर्षं रोज ऐकलं होतं. त्याच्याजवळ बसा, आणि ते सबंध गाणं तुमच्या स्वतःच्या तोंडून, त्याच्या मदतीशिवाय बाहेर येईपर्यंत उठू नका.